शेतकरी घराची कादंबरी कशी वाचावी : ‘झोंबी’च्या निमित्ताने

कडोली, येळ्ळूर, उचगाव येथील साहित्य संमेलनांमुळे आणि गावोगावच्या वाचनालयांमुळे बेळगाव भागात ग्रामीण कादंबरीवर बोलण्याचे प्रसंग वारंवार येतात. परंतु अशी बहुतेक भाषणे बोलीचा अस्सलपणा आणि मातीचा सुगंध यांपलीकडे जात नाहीत. शेतकरी कुटुंबाचे चित्रण खरोखर समजून घ्यायचे असेल, तर घरात राबते कोण, ठरवते कोण आणि पिकाचा पैसा कोणाच्या हाती पडतो, हे तीन प्रश्न हाताशी ठेवून वाचावे.

त्यासाठी आनंद यादव यांची १९८७ साली प्रसिद्ध झालेली ‘झोंबी’ ही आत्मचरित्रात्मक कादंबरी घ्यावी. १९९० साली तिला साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. यादव मूळचे कागलचे, आणि कागल म्हणजे निपाणीचा शेजार. त्यामुळे तिच्यातील बोलीसाठी निपाणी-चिकोडीकडील वाचकाला शब्दकोश उघडावा लागत नाही. ही सोय मोठी असली तरी तिच्यात एक धोका आहे. ओळखीचे शब्द भेटल्याच्या आनंदात वाचक प्रसंगावरून घसरत पुढे जातो. म्हणून पहिले वाचन टिपणे न काढता सलग करावे आणि दुसऱ्या वाचनाला वही घेऊन बसावे. पु. ल. देशपांडे यांची प्रस्तावना शेवटी वाचावी, कारण ती आधी वाचली तर हरवलेल्या बालपणाचा विचारच सर्व पानांवर पसरतो आणि मळ्यातील व्यवहार मागे पडतो.

दुसऱ्या वाचनात मुलाची शाळा बंद झाल्यानंतरचा भाग सावकाश वाचावा. वडिलांनी मुलाला शाळेतून काढून मळ्यात जुंपले आहे. गुऱ्हाळ इतरांच्या आधी लावण्याचा त्यांचा आग्रह आहे, कारण हंगामाच्या सुरुवातीच्या गुळाला भाव चांगला मिळतो, असा त्यांचा हिशेब आहे. इतर शेतकऱ्यांचा हिशेब वेगळा आहे : ऊस फडात अधिक दिवस उभा राहिला की रसातील पाणी कमी होते, रस दाट येतो आणि गूळ जास्त उतरतो. वरवर हा शेतीतला साधा मतभेद दिसतो. पण गुऱ्हाळ लवकर उरकल्यावर मोकळे कोण होते आणि पुन्हा कामाला कोण लागते, हे वहीत लिहून पाहिले की घराची सगळी मांडणी उघडी पडते. वडील गावात फिरायला मोकळे होतात आणि मळा पोराच्या अंगावर येतो.

पुढे आई आणि मुलगा रात्री दत्ताजीराव देसाई यांच्याकडे जातात, तो प्रसंग तर दोनदा वाचण्यासारखा आहे. मुलाने शिकावे असे आईला वाटते, पण नवऱ्यासमोर तिच्या शब्दाला वजन नाही. म्हणून ज्याच्या शब्दाला नवरा वचकून आहे अशा माणसाचे दार ती गाठते आणि आपण आलो होतो हे कळू नये, अशी विनवणीही करते. स्त्रीचे मत घरात पोहोचण्यासाठी गावातील बड्या माणसाच्या तोंडून यावे लागते, ही गोष्ट लेखक कोणतेही भाष्य न करता सांगून जातो. परवानगी मिळते तीही अटींवर : शाळेच्या वेळेपर्यंत मळ्यात पाणी पाजायचे, शाळा सुटल्यावर जनावरे चारायची आणि काम निघाले तर शाळा बुडवायची. या अटींवरून मुलाच्या एका दिवसाचा तक्ता तयार करावा. (शाळेत कवितेची गोडी लावणारे मास्तर सौंदलगेकर आहेत, सौंदलगा हे गाव निपाणीजवळच आहे.)

वडिलांना मात्र खलनायक ठरवून मोकळे होऊ नये. कथा सांगणारा मुलगा आता शिकून मोठा झालेला आहे, आणि आपल्याला दिसतात ते त्याच्या नजरेतले वडील. राबणारे दोन हात घटले तर मळा कसा चालणार, ही त्यांची अडचण स्वतंत्रपणे मांडून पाहावी.

यानंतर टिपणे घेऊन गावातील वयस्कर शेतकऱ्यांकडे, विशेषतः मोट हाकलेल्यांकडे आणि गुऱ्हाळावर काम केलेल्या बायकांकडे जावे. गोष्ट कळली का, असे विचारण्यापेक्षा गुळाच्या पट्टीचे, म्हणजे विक्रीच्या हिशेबाचे, पैसे घरात कोण मोजत असे, हे विचारलेले बरे. येथे एक काळजी घ्यावी : कागलच्या उसाच्या मळ्याचे चित्र खानापूरच्या भातशेतीवर जसेच्या तसे चिकटवू नये. विहिरीच्या पाण्यावरील मळा माणसाला वर्षभर बांधून ठेवतो, तर पावसाच्या भातात रोप लावणीच्या दिवसांत कामाचा भार एकदम बायकांवर येतो, आणि त्यामुळे घरातील नातीही निराळ्या रीतीने ताणली जातात.

वेळ हाताशी असल्यास जोडीला यादवांचीच ‘गोतावळा’ (१९७१) घ्यावी. तिचा नायक घरचा मुलगा नसून मालकाच्या मळ्यातील गडी आहे, आणि जनावरे हाच त्याचा गोतावळा आहे. ट्रॅक्टर येतो तेव्हा तो गोतावळा मोडतो. ‘झोंबी’साठी काढलेले तीनही प्रश्न या गड्यालाही लावावेत. राबणारा तोच असतो, ठरवणारा मालक असतो, आणि जनावरे विकायची की ठेवायची याबद्दल त्याला कोणी विचारीतही नाही.