हिवाळी टॉर्नेडोचा माग काढताना या चुका टाळा

अमेरिकेतले टॉर्नेडो म्हटलं की एप्रिल-मे महिना आणि ओक्लाहोमा-कॅन्ससची सपाट माळरानं डोळ्यांपुढे येतात. हवामानाचा नाद असलेले आपल्यातले बरेच जण, कुणी पुण्यात बसून तर कुणी डॅलस-अटलांटात राहून, याच हंगामात रडार वाचायला शिकले. मग डिसेंबरात किंवा फेब्रुवारीत टेनेसी, केंटकी, मिसिसिपीवर वादळं उठतात तेव्हा तेच आडाखे लावले जातात आणि हमखास फसतात. ५ फेब्रुवारी २००८ ला दक्षिणेत सुरू झालेल्या उद्रेकात, म्हणजे एकापाठोपाठ उठलेल्या अनेक टॉर्नेडोंत, ५७ जणांचा जीव गेला. १० डिसेंबर २०२१ च्या रात्री केंटकीतलं मेफील्ड गाव भुईसपाट झालं आणि त्या एका रात्रीतल्या मृतांचा आकडा नव्वदच्या आसपास गेला. दोन्ही वेळा धोक्याचा अंदाज आधीच दिलेला होता. तो वाचण्यात कुठे गडबड होते, ते पाहू.

ऊन नाही म्हणजे वादळ नाही, असं धरून चालणं

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच, म्हणून तिच्यावर जरा जास्त बोलतो.

आपल्याकडचा वळीव उन्हावर चालतो. चैत्र-वैशाखात जमीन तापते, दुपारी ढग चढतात, संध्याकाळी वीज, वारा, गारा होतात आणि जेवणं उरकेपर्यंत आभाळ मोकळं होतं. लहानपणापासून हे पाहिलेलं असल्यामुळे ढगाळ, कुंद दिवस दिसला की आपण मनातल्या मनात धोका खाली आणतो, आणि सूर्य मावळला की निर्धास्त होतो. अमेरिकेतही वसंतातल्या अनेक वादळांना हा हिशेब बराचसा लागू पडतो.

हिवाळी उद्रेकाचं इंधन दुसरीकडून येतं. मेक्सिकोच्या आखातावरून दक्षिणेचा जोरदार वारा उबदार, दमट हवा शेकडो किलोमीटर उत्तरेला ओढून आणतो. वर जेट स्ट्रीम हिवाळ्यात सर्वांत जोरात असतो. जमिनीपासून साधारण एक ते दीड किलोमीटर उंचीवरचा वाऱ्याचा पट्टा, ज्याला लो-लेव्हल जेट म्हणतात, तो रात्र पडल्यावर आणखी जोर धरतो. उंचीप्रमाणे वाऱ्याचा वेग आणि दिशा झपाट्यानं बदलते, म्हणजेच शिअर प्रचंड असतो, आणि वादळाला गिरकी मिळते ती त्यातून. या सगळ्यात स्थानिक उन्हाचा वाटा थोडा. म्हणून सूर्यास्तानंतर वादळं बसत नाहीत, उलट बऱ्याचदा तेव्हाच भरात येतात.

याचा व्यवहारातला अर्थ असा की केपचा, म्हणजे हवेला वर उसळायला मिळणाऱ्या ऊर्जेचा, आकडा लहान दिसला म्हणून नकाशा बंद करू नका. मे महिन्यात ३००० ते ४००० केप पाहायची सवय झालेल्या डोळ्याला ५०० ते १००० म्हणजे काहीच नाही वाटतं. पण शिअर तगडा असेल तर हिवाळ्यात तेवढंही पुरतं. (मेफील्डच्या दिवशी डिसेंबरच्या मानानं केपही भरपूर होता, म्हणून तर ती रात्र इतकी भयंकर ठरली.)

मग पाहायचं काय? आधी दवबिंदू, म्हणजे हवेतल्या ओलाव्याचं माप. दुपारपासून जमिनीवरच्या हवामान केंद्रांचे दवबिंदू तासातासाला तपासा. १५-१६ अंश सेल्सिअसची रेषा उत्तरेला सरकतेय का, आणि मॉडेलनं (संगणकी अंदाजानं) सांगितलेल्या वेळेच्या आधी सरकतेय का, ते बघा. दुसरं, जमिनीलगतचा वारा दक्षिणेचा किंवा आग्नेयेचा टिकून आहे का? तो नैर्ऋत्येचा झाला तर गिरकी कमी होते. तिसरी खूण साधी आहे आणि फार उपयोगी आहे: अंधार पडल्यावर पारा उतरायच्या ऐवजी चढत असेल, तर ती उबदार हवा अजून येतेच आहे. अशा संध्याकाळी रडारसमोरून उठू नका.

‘थंड मुलखात असं होत नाही’ हाही याच चुकीचा भाऊ. मेफील्डनंतर पाचच दिवसांनी, १५ डिसेंबर २०२१ ला, मिनेसोटात टॉर्नेडो झाले. त्या राज्याच्या नोंदींत डिसेंबरातले ते पहिलेच.

घड्याळाचा घोळ

रडार, मॉडेल आणि अंदाजाचे नकाशे सगळे यूटीसी वेळेवर चालतात, ज्याला तिथले लोक ‘झेड’ म्हणतात. अमेरिकेच्या सेंट्रल भागात हिवाळ्यात यूटीसीतून ६ तास वजा करायचे, उन्हाळ्यात ५. मे महिन्यात शिकलेला माणूस डिसेंबरातही ५ च वजा करतो आणि एका तासानं चुकतो. भारतात साडेपाच तास मिळवायचे.

मेफील्डचंच उदाहरण घ्या. टॉर्नेडो गावात शिरला तेव्हा तिथे १० डिसेंबरच्या रात्रीचे साडेनऊ वाजत आले होते. रडारच्या चित्रावर तारीख ११ डिसेंबर आणि वेळ ०३३० झेडच्या जवळची. पुण्यात ११ तारखेच्या सकाळचे नऊ. तारीखच बदलल्यामुळे लोक जुनं चित्र नवं समजून पुढे पाठवतात, किंवा नव्या अंदाजाला उद्याचा म्हणून बाजूला ठेवतात. शिवाय केंटकी आणि टेनेसी ही दोन्ही राज्यं दोन टाइमझोनमध्ये विभागलेली आहेत. मेफील्ड आणि बोलिंग ग्रीन सेंट्रलमध्ये, लुइव्हिल ईस्टर्नमध्ये. वॉर्निंगमधली (धोक्याच्या इशाऱ्यातली) वेळ कुठल्या झोनची, ते वाचल्याशिवाय कुणाला सांगू नका.

रडारचं चित्र हलत नसेल तर वादळ थांबलं असं समजू नका. आधी कोपऱ्यातली वेळ पहा. ॲप अडकलेलं असतं किंवा त्या केंद्राचा डेटा येणं बंद झालेलं असतं. शेजारच्या रडारवर जा. हिवाळी वादळं ताशी ८० ते ९५ किलोमीटरनं पळतात. पाच मिनिटं जुनं चित्र म्हणजे वादळ त्याच्यापुढे सात-आठ किलोमीटर गेलेलं.

रडारवर नको ते दिसणं, हवं ते न दिसणं

नवखे लोक फक्त रिफ्लेक्टिव्हिटी, म्हणजे पावसाचं रंगीत चित्र पाहतात आणि त्यात हुकासारख्या आकडीचा आकार, टॉर्नेडोची ओळखीची खूण, शोधत बसतात. हिवाळ्यात पुष्कळदा वादळं ओळीनं येतात आणि टॉर्नेडो त्या ओळीच्या पुढच्या कडेला, पावसात गुरफटलेला, दोन-चार मिनिटं जगून मरतो. आकडी दिसतच नाही. व्हेलॉसिटीचं, म्हणजे वाऱ्याच्या वेगाचं, चित्र उघडा. हिरवा म्हणजे रडारकडे येणारा वारा, लाल म्हणजे दूर जाणारा. गडद हिरवा आणि गडद लाल एकमेकांना चिकटून दिसले की तिथे गिरकी आहे.

पण इथेही फसायला होतं. वारा फार जोराचा असला की रडारचं गणित उलटतं आणि लालच्या मधोमध हिरव्याचा एखादा चौकोनी तुकडा उगवतो. कडा रेघ मारल्यासारख्या सरळ असतील आणि पुढच्या फेरीत तुकडा गायब असेल, तर ती मोजणीतली चूक. जांभळा धूसर पट्टा आला तर तिथे रडारला वेग मोजताच आलेला नाही; तिथे ‘काही नाही’ असं समजू नका, दुसऱ्या रडारवरून बघा.

अंतर विसरू नका. सर्वांत खालचा किरण अर्ध्या अंशानं वर निघतो आणि पृथ्वी खाली वळत जाते. त्यामुळे १०० किलोमीटरवर तो जमिनीपासून सुमारे दीड किलोमीटर उंचीवर असतो, १५० किलोमीटरवर अडीच किलोमीटरच्या वर. हिवाळी वादळाची गिरकी बुटकी असते. लांबच्या रडारला ती दिसणारच नाही, आणि तुम्ही मात्र ‘वादळ सपाट झालं’ म्हणून मोकळे व्हाल.

कोरिलेशन कोएफिशंटचं चित्र, ज्याला सगळे ‘सीसी’ म्हणतात, फार मोलाचं आहे. पावसाचे थेंब एकमेकांसारखे असतात, तेव्हा हा आकडा १ च्या जवळ राहतो. पत्रे, फळ्या, फांद्या हवेत उडाल्या की तो ०.८ च्या खाली कोसळतो. केंटकीतल्याच पडूका शहराचं रडार मेफील्डपासून जेमतेम चाळीसेक किलोमीटरवर, त्यामुळे त्या रात्री उडालेल्या ढिगाऱ्याचा डाग लख्ख दिसत होता. ढिगारा ९ किलोमीटरच्या वर फेकला गेला होता. मात्र सीसीतला प्रत्येक डाग ढिगारा नसतो. दूरवर किरण बर्फ वितळण्याच्या पातळीतून जातो तिथेही सीसी घसरतो, आणि हिवाळ्यात ती पातळी खाली असते. डाग, व्हेलॉसिटीतली जोडी आणि दाट रिफ्लेक्टिव्हिटी एकाच जागी, एकाच वेळी असेल तरच ‘टॉर्नेडो जमिनीवर आहे’ असं म्हणा.

एका रनवर भाळणं, आणि दुपारीच ‘फसलं’ म्हणणं

एचआरआरआर हे अमेरिकेतलं मॉडेल दर तासाला नवं चित्र देतं; त्या प्रत्येक चित्राला रन म्हणतात. ११ वाजताच्या चित्रात आपल्या शहरावरून लाल पट्टा गेला, १२ वाजता तो ६० किलोमीटर सरकला, एवढ्यावर लोक निष्कर्ष काढतात. पट्ट्याची जागा महत्त्वाची नाही. सलग पाच-सहा रनमध्ये सुटी वादळं दिसतायत की ओळ, आणि ती किती वाजता, एवढंच त्यातून घ्या. सकाळी पाऊस पडला, आभाळ भरलेलं आहे, दुपारी तीनपर्यंत काही नाही, म्हणून उद्रेक हुकल्याचं जाहीर करणारे दरवर्षी भेटतात. मेफील्डला टॉर्नेडो रात्री आला, बोलिंग ग्रीनला मध्यरात्र उलटल्यावर.

रंगांचा चुकीचा अर्थ

नॉर्मन, ओक्लाहोमातल्या स्टॉर्म प्रेडिक्शन सेंटरच्या नकाशात पाच पायऱ्या असतात: मार्जिनल, स्लाइट, एन्हान्स्ड, मॉडरेट, हाय. ‘मॉडरेट’ म्हणजे मध्यम असं समजू नका. ती पाचातली चौथी पायरी आहे. १० डिसेंबर २०२१ ला ‘हाय’ दिलेलंच नव्हतं. टॉर्नेडोची शक्यता १५ टक्के पाहून कुणी हसतं, पण तो आकडा कुठल्याही एका ठिकाणापासून ४० किलोमीटरच्या आत टॉर्नेडो होण्याचा आहे, आणि एरवी ती शक्यता शून्याला टेकलेली असते. नकाशावर रेघा मारलेला भाग असेल तर तिथे टॉर्नेडो झालाच तर तो जबर असण्याची भीती असते. नकाशाखालचा मजकूर न वाचणं ही खरी हानी. ‘कशामुळे अंदाज चुकू शकतो’ हे तिथले हवामानतज्ज्ञ त्यात मोकळेपणानं लिहितात.

वॉच आणि वॉर्निंग यांची गल्लत तर नेहमीची. वॉच म्हणजे शक्यता, मोठ्या भागासाठी, काही तासांची. वॉर्निंग स्थानिक कार्यालयाची, छोट्या बहुकोनाची, आणि ती आली की बघत बसायची वेळ संपली.

पंचनाम्याआधीच विक्रम जाहीर करणं

मेफील्डच्या दुसऱ्या दिवशी ‘चार राज्यांतून गेलेला एकच टॉर्नेडो, १९२५ चा २१९ मैलांचा विक्रम मोडला’ अशी चर्चा जोरात होती. जमिनीवर पाहणी झाली तेव्हा त्या एकाच सुपरसेलनं (गिरकी घेणाऱ्या मोठ्या वादळानं) दोन मोठे टॉर्नेडो दिल्याचं निघालं, मधे खंड होता. केंटकीतल्या टॉर्नेडोची वाट सुमारे १६५ मैल, म्हणजे २६६ किलोमीटर ठरली आणि दर्जा ईएफ ४ (० ते ५ च्या मोजपट्टीवर). ईएफ दर्जा पडझड पाहून देतात, रडारवरून नाही. त्या एका टॉर्नेडोनं ५७ जीव घेतले. तेवढं पुरेसं भीषण आहे; त्यावर विक्रमाचं तोरण बांधायची घाई कशाला?

पाहण्याच्या नादात स्वतःला विसरणं

तुम्ही त्या भागातच राहत असाल तर एक गोष्ट कळकळीनं सांगतो: हिवाळी वादळाच्या मागे गाडी घेऊन जाऊ नका. अंधार, झाडी, डोंगर, पावसाचा पडदा आणि ९० किलोमीटरचा वेग. टॉर्नेडो दिसेपर्यंत तो अंगावर आलेला असतो. २६ डिसेंबर २०१५ ला डॅलसजवळ गार्लंड-रौलेटचा ईएफ ४ टॉर्नेडो संध्याकाळी पावणेसातच्या सुमारास महामार्गांच्या चौकावरून गेला. मृतांपैकी बहुतेक जण गाड्यांत होते. उलट २००८ मध्ये टेनेसीतल्या जॅक्सनच्या युनियन युनिव्हर्सिटीत वसतिगृहं कोसळली, मुलं ढिगाऱ्यात अडकली, पण एकही दगावलं नाही. मुलं खालच्या मजल्यावर, बाथरूममध्ये जाऊन बसली होती.

वरच्या मजल्यावर राहत असाल तर तळमजल्यावरच्या शेजाऱ्यांशी आधीच बोलून ठेवा. वेदर रेडिओ घ्या आणि त्यात आपल्या काउंटीचा (जिल्ह्याचा) कोड घाला. सायरन मुळात घराबाहेरच्या माणसांसाठी असतो, झोपेत ऐकू येईलच असं नाही. आई-बाबा भारतातून आलेले असतील तर त्यांना दिवसा-उजेडी लपायची जागा दाखवून ठेवा, आणि सायरन झाला की बाल्कनीत पाहायला जायचं नाही हेही सांगा. फोनवरचा धोक्याचा इशारा इंग्रजीत किंवा स्पॅनिशमध्ये येतो. तो कसा वाजतो ते त्यांना ठाऊक असू द्या.

भारतात बसून पाहणाऱ्यांचा इथे खरा उपयोग आहे, कारण तिथली मध्यरात्र म्हणजे आपली दुपार. बहिणीचं किंवा मित्राचं घर वॉर्निंगच्या बहुकोनात आलेलं दिसलं तर व्हॉट्सॲपवर चित्र टाकून थांबू नका, मेसेजनं झोप उघडत नाही. फोन लावा, उचलेपर्यंत लावा. तीनच वाक्यं बोला: तुमच्यावर टॉर्नेडो वॉर्निंग आहे, इतक्या वाजेपर्यंत, बूट घालून मुलांना घेऊन खालच्या मजल्यावर खिडकी नसलेल्या खोलीत जा, फोन सोबत ठेवा. आणि लगेच ठेवून द्या, म्हणजे त्यांची लाइन मोकळी राहील.