हात झिणझिणतात, कॅच सुटतो, सिक्स जात नाही? संवेगाच्या या चुका टाळा

टेनिस बॉलवर खेळून खेळून सीझन बॉलवर आलेली पोरं पहिली चूक हमखास हीच करतात, उंच उडालेल्या कॅचखाली जाऊन हात ताठ धरून उभी राहतात. आता हिशोब बघा, बॉल साधारण १६० ग्रॅमचा (नियमात १५५.९ ते १६३ ग्रॅम), येतोय समजा ताशी ७२ किमीने म्हणजे सेकंदाला २० मीटर, तर वस्तुमान गुणिले वेग करून संवेग ३.२ झाला आणि बॉल थांबवायचा तर हा ३.२ शून्यावर आणावाच लागतो, मग तुम्ही कुणीही असा. आपल्या हातात फक्त किती वेळात आणायचा एवढंच असतं, आणि थांबायला अंतर जास्त दिलं की वेळही जास्त मिळतो, बल कमी लागतं. ताठ हातावर बॉल २ सेंटीमीटरमध्ये थांबला तर सरासरी बल येतं १६०० न्यूटन, म्हणजे दीडशे किलोच्या वर वजन क्षणभर तळव्यावर! तेच बॉलसोबत हात ३० सेंटीमीटर मागे घेतले तर जेमतेम १०७ न्यूटन. बरं, प्रश्न नुसता दुखण्याचा नाहीये, ताठ हातावर बॉल उसळतो आणि कॅच तिथेच सुटतो. पण हात आधीच मागे ओढून ठेवू नका, मग मागे न्यायला जागाच उरत नाही. हात पुढे ठेवून वाट बघायची आणि बॉल लागता लागता मागे घ्यायचे.

नववीच्या मुलांसाठी एक, किमी प्रति तास तसाच सूत्रात घालू नका, आधी ३.६ ने भागा. आणि दिशा विसरू नका प्लीज. बॉलरने ३५ मीटर प्रति सेकंदाने टाकला, बॅट्समनने सरळ त्याच्याच दिशेने २५ ने परत मारला, तर वेगातला बदल १० नाही, ६० आहे, कारण बॉल आधी थांबला आणि मग उलटा गेला. संवेगातला बदल ९.६. वजाबाकी करून १.६ लिहिलं की मार्क गेले.

आता जड बॅट. "वजनदार बॅट घे, बॉल लांब जाईल" हा सल्ला प्रत्येक ग्राउंडवर फुकट मिळतो. आधी १.२ किलोची बॅट घ्या, मग १.४ ची, फिरवायचा वेग तोच ठेवा आणि बॉल जागेवर उभा आहे असं धरून संवेग अक्षय्यतेचा (टक्कर होण्याआधीचा आणि नंतरचा एकूण संवेग सारखाच) सोपा हिशोब लावा, बॉलचा वेग वाढतो जेमतेम पावणेदोन टक्के. म्हणजे जड बॅटमुळे तुमचा स्विंग दोन टक्के जरी मंदावला तरी तोटाच, आणि दोनशे ग्रॅमने तो त्याहून जास्तच मंदावतो हो, मनगटाला विचारा. (बॅट सगळीकडे सारखी नसते, त्यामुळे खरा हिशोब जरा किचकट आहे, पण सूर हाच.)

फॉलो-थ्रूने बॉलला "अजून ढकललं" जातं ही पण थापच. बॉल बॅटला चिकटून असतो सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या आसपास, तेवढ्यात बॅट दोन-तीन सेंटीमीटर सरकते, नंतर तुम्ही बॅट खांद्यावर न्या नाहीतर टाकून द्या, बॉलला काही कळत नाही. तरी कोच फॉलो-थ्रू घ्यायला सांगतात ते बरोबरच आहे, कारण लगेच थांबायचं मनात ठेवलं की बॅटला ब्रेक बॉल लागायच्या आधीच लागतो. शंका असेल तर कुणाला तरी बाजूने स्लो-मोशनमध्ये शूट करायला सांगा आणि बॉल लागायच्या आधीच्या फ्रेम्स बघा.