लस टोचल्याने खांद्याला इजा झाल्यास नुकसानभरपाई कशी मागावी

लस घेतल्यावर दंड दोन-तीन दिवस दुखणे स्वाभाविक आहे. परंतु सुई दंडाच्या मांसल भागाऐवजी खांद्याच्या हाडालगत, फार वर टोचली गेली, तर सांध्याजवळ सूज येते आणि लोकलची कडी धरण्यासाठी हात वर नेणेही महिनोन्महिने कठीण होते. हे दुखणे अंगावर काढू नये.

अमेरिकेत २०१७ पासून ही इजा सरकारी भरपाई योजनेच्या यादीत आहे आणि दुखणे ४८ तासांच्या आत सुरू झाले असल्यास तिथे दावा सोपा होतो. भारतात अशी योजना नाही; टोचणाऱ्याचा निष्काळजीपणा आपल्यालाच सिद्ध करावा लागतो.

म्हणून सर्वाधिक काळजी केसपेपरची घ्यावी. लस कोणती, कोणत्या तारखेला, कोणत्या दंडावर आणि किती वर टोचली, दुखणे किती तासांत सुरू झाले, आधी खांदा ठीक होता का, हे सारे ऑर्थोपेडिक डॉक्टरांकडून त्यावर नोंदवून घ्यावे. नुसते ‘खांदा आखडला’ एवढेच लिहिले गेले, तर समोरचा पक्ष वयाकडे किंवा मधुमेहाकडे बोट दाखवू शकतो. सुईची खूण दिसत असेल तोवर तिचा फोटो काढावा. पावती, लसीचा बॅच क्रमांक आणि एमआरआयचा अहवाल जपून ठेवावा. रुग्णालयाकडे आपले कागद लेखी मागितल्यास ते ७२ तासांत देणे डॉक्टरांवर बंधनकारक आहे. १८००-१८०-३०२४ या सरकारी हेल्पलाइनवर दुष्परिणामाची नोंदही करावी.

पैसे देऊन खासगी ठिकाणी लस घेतली असेल, तर आधी वकिलामार्फत नोटीस द्यावी आणि दोन वर्षांच्या आत जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार करावी. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार ती आपण राहतो त्या भागातील आयोगातही करता येते, म्हणजे अंधेरीच्या रहिवाशाला मुंबई उपनगर जिल्ह्याच्या आयोगात जाता येते. आणि लसीसाठी मोजलेले पैसे पाच लाखांच्या आतच असल्याने शुल्क लागत नाही. उपचार, फिजिओथेरपी, बुडालेला पगार आणि सोसलेला त्रास यांची रक्कम वेगवेगळी मांडावी. दुसऱ्या तज्ज्ञाचे लेखी मत जोडावे. माझ्या मते त्यावाचून तक्रार लंगडी पडते.

सर्वांना मोफत सेवा देणाऱ्या केंद्रात लस घेतली असल्यास मात्र ग्राहक आयोगाचा मार्ग बंद होतो आणि दिवाणी न्यायालयात जावे लागते. महापालिकेविरुद्ध दावा लावण्यापूर्वी एक महिन्याची लेखी नोटीस द्यावी लागते आणि दाव्याची मुदत अवघी सहा महिन्यांची असते, त्यामुळे इथे वकिलाला पहिल्याच महिन्यात गाठावे.