विखंडन आणि द्विविभाजन : या चुका टाळा

'पेशीचे विखंडन होऊन ऊर्जा बाहेर पडते.' दहावीचे पेपर तपासताना हे वाक्य मला दर वर्षी भेटतं. मराठीत दोन स्वतंत्र शब्द आहेत : अणुकेंद्रकाचं विखंडन, पेशीचं द्विविभाजन. इंग्रजीत दोन्हीला फिशन म्हणतात आणि झटपट नोट्समधून घोळ तिथूनच शिरतो.

फिशन हा शब्द मुळात जीवशास्त्राचा. डिसेंबर 1938मध्ये हान आणि स्ट्रासमान या जर्मन रसायनशास्त्रज्ञांना न्यूट्रॉनचा मारा केलेल्या युरेनियममध्ये बेरियम सापडलं. भौतिकशास्त्रज्ञ लिझे माइटनर आणि त्यांचा भाचा ओटो फ्रिश यांनी त्याचा अर्थ लावला : केंद्रक थेंबासारखं लांबतं, मध्ये कंबर बारीक होते आणि तिथे तुटतं. पेशी अशी दुभंगते त्याला काय म्हणतात, हे फ्रिश यांनी कोपनहेगनमध्ये विल्यम अरनॉल्ड या जीवशास्त्रज्ञाला विचारलं आणि तोच शब्द उचलला.

साम्य त्या कमरेपुरतंच. जिवाणू आधी खाऊन वाढतो, डीएनएची प्रत काढतो, मग दुभंगतो. यात ऊर्जा खर्च होते. युरेनियम-235 मध्ये कसलीच प्रत निघत नाही. न्यूट्रॉन शिरला की बेरियम-141, क्रिप्टॉन-92 आणि तीन न्यूट्रॉन, असे असमान तुकडे पडू शकतात. वस्तुमान किंचित घटतं आणि सुमारे 200 एमईव्ही (दशलक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्ट) ऊर्जा सुटते. समीकरणाशेजारी मी 141 + 92 + 3 = 236 (म्हणजे 235 आणि शिरलेला 1 न्यूट्रॉन) ही बेरीज लिहायला लावतोच. पाठांतराने समीकरण येतं, पण एक न्यूट्रॉन गळाला तर ते बेरजेशिवाय कळत नाही.

आता पॅरामेशियम हा एकपेशीय जीव. एका वर्षी प्रात्यक्षिकात एका हुशार मुलाला काचपट्टीवर चिकटलेली जोडी दिसली. दहा सेकंदांत त्याने गाइडातल्यासारखी आकृती काढली, खाली 'द्विविभाजन' लिहिलं आणि वही मिटली. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी भिंगातून पाहिलं आणि एवढंच विचारलं, "कंबर कुठाय?" जोडी शेजारी-शेजारी, तोंडाच्या बाजूने चिकटलेली होती. ते संयुग्मन. त्यात केंद्रकांची देवाणघेवाण होते. दोन जीव एकत्र येतात आणि दोनच वेगळे होतात. पॅरामेशियम आडवा दुभंगतो, म्हणून पिल्लं एकामागे एक दिसायला हवीत. तेव्हापासून थेंबात कापसाचे दोन-चार तंतू टाकून मी त्यांचा वेग आवरतो आणि दहा मिनिटं पाहिल्याशिवाय पेन्सिल उचलू देत नाही. घाई करणाऱ्यांना हे जाचक वाटतं. वाटू दे.

नुसतं 'केंद्रक' लिहू नका; अणूचं की पेशीचं ते सांगा. जिवाणूला तर केंद्रकच नसतं.

अणुभट्टीत मॉडरेटर न्यूट्रॉनचा वेग कमी करतो, नियंत्रक कांड्या न्यूट्रॉन शोषतात. तारापूरला पहिल्या दोन अणुभट्ट्यांत साधं पाणी मॉडरेटर आहे, तिसऱ्या-चौथ्या भट्टीत जड पाणी. 'मॉडरेटर न्यूट्रॉन शोषतो' असं लिहिलंत तर मी गुण देणार नाही.