नियम नेमका कुठे अडतो?

मी कंपनीच्या कायदा विभागात काम करते. सुरुवातीची काही वर्षं माझा पक्का समज होता की नियम मोडणाऱ्याला एक तर नियम ठाऊक नसतो, नाहीतर त्याच्या मनात खोट असते. म्हणून मी प्रशिक्षणं वाढवायचे, कलमं कडक करायचे. तरी भेटवस्तू जाहीर करण्याचा साधा नियम कुणी पाळेना.

शेवटी खरेदी विभागातल्या एका सहकाऱ्याशेजारी खुर्ची ओढून बसले. म्हटलं, पुरवठादाराने दिलेलं हे पेन माझ्यासमोर जाहीर करा. पोर्टल उघडायला पासवर्ड बदलावा लागला. मग फॉर्म. तिसऱ्या रकान्यात ‘अंदाजे बाजारमूल्य’. त्यांनी पेन उलटसुलट करून पाहिलं, थोडा वेळ थांबले. “चुकीचा आकडा लिहिला तर माझ्यावर येईल का?” असं विचारून त्यांनी फॉर्म बंद केला. पेन खणात गेलं. माणूस सरळ होता. अडलं होतं ते माझ्या फॉर्मवर.

तेव्हा पहिलं काम हेच: धोरण लिहिण्याआधी ते पाळणाऱ्याशेजारी बसा. कुठे थांबतो, काय विचारतो ते टिपून घ्या, आणि मध्ये समजावत बसू नका. आम्ही नेमक्या किमतीच्या रकान्याऐवजी किमतीचे तीन टप्पे दिले, चौथा पर्याय ‘सांगता येत नाही’ असा ठेवला, आणि फॉर्मची लिंक पुरवठादाराच्या बैठकीनंतर लगेच जाणाऱ्या ईमेलमध्ये टाकली. आठवण त्या क्षणी हवी. वर्षातून एकदा दिलेलं व्याख्यान त्या क्षणी आठवत नाही.

दंड लावण्याआधी मात्र दहादा विचार करा. उरी ग्नीझी आणि आल्डो रुस्टिचिनी या अर्थशास्त्रज्ञांनी इस्रायलमधल्या १० पाळणाघरांत केलेला अभ्यास २००० साली प्रसिद्ध झाला. मुलांना न्यायला उशिरा येणाऱ्या पालकांना काही पाळणाघरांनी छोटा दंड लावला, तर उशीर वाढला. दंड काढून टाकल्यावरही तो कमी झाला नाही. दंड म्हणजे उशिराची किंमत, असं पालकांनी धरलं असावं. अहवाल उशिरा देणाऱ्या विभागाला किरकोळ रक्कम लावाल तर तो विभागही ती खर्चात धरून मोकळा होईल. त्यापेक्षा विभागप्रमुखाने स्वतः फोन करून “काय अडलंय?” एवढं विचारणं मला जास्त उपयोगी पडलं आहे.

स्मरणपत्रात ‘अनेकांनी अद्याप माहिती भरलेली नाही’ असं लिहू नका. वाचणाऱ्याला त्यातून एवढंच कळतं की न भरणारे पुष्कळ आहेत. बहुतेकांनी भरली असेल तर तसं लिहा. नसेल तर आकड्याचा विषयच काढू नका. खोटा आकडा तर कधीच नको.

सल्ला देतानाही शब्दांची मांडणी निर्णय फिरवते. कानेमान आणि ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी १९७९ मध्ये दाखवलं की हातात येणारा फायदा समोर असेल तर माणूस सहसा जोखीम टाळतो, आणि नुकसान समोर असेल तर ते टाळण्यासाठी जोखीम घेतो. म्हणूनच प्रतिवादी पक्षकार बऱ्याचदा तडजोड नाकारून खटला रेटतो. ‘तडजोडीत इतके जातील’ एवढंच सांगून थांबू नका. ‘तडजोड केली तर इतके वाचतील’ हेही त्याच पानावर लिहा. आपल्याला हवी तीच बाजू पुढे करायचा मोह होतो, तो टाळा. निर्णय पक्षकाराचा आहे.

माणसाच्या वागण्याच्या अभ्यासातला प्रत्येक निष्कर्ष डोळे झाकून घेऊ नका. फॉर्मच्या शेवटी सही घेण्याऐवजी सुरुवातीलाच घेतली तर लोक खरं लिहितात, असा निबंध २०१२ मध्ये आला होता आणि खूप गाजला. २०२० मध्ये त्याच संशोधकांना तो परिणाम पुन्हा दिसला नाही, आणि २०२१ मध्ये एका प्रयोगाची आकडेवारी बनावट निघाल्यावर निबंध मागे घेतला गेला. म्हणून नवं स्मरणपत्र आधी निम्म्याच लोकांना पाठवा, चिठ्ठ्या टाकून निवडलेल्या. उरलेल्यांना जुनंच जाऊ द्या आणि महिन्याने मोजा.

मोजणी सुरू करण्याआधी वरिष्ठांना एक गोष्ट लेखी कळवा: फॉर्म सोपा झाला की जाहीर भेटवस्तूंचा आकडा वाढेल. हे आधी सांगितलं नाही, तर पहिल्याच तिमाहीत ‘भ्रष्टाचार वाढला’ म्हणून बैठक लागते आणि जुना फॉर्म परत येतो.