खरीप मका : लष्करी अळीची नेमकी ओळख आणि तिचे दोन गट

मका पोंग्यात (मधली कोवळी पाने सुरळीसारखी गुंडाळलेली असतात त्या अवस्थेत) आला की पानांवर लांबट पारदर्शक चट्टे आणि पोंग्यात लाकडाच्या भुशासारखी ओली विष्ठा दिसू लागते आणि लगेच अमेरिकन लष्करी अळीचे नाव घेतले जाते. ही कीड भारतात प्रथम मे 2018 मध्ये कर्नाटकातील शिवमोग्गा येथे आढळली. पण देशी लष्करी अळी आणि तंबाखूची पाने खाणारी अळी आपल्या शिवारात त्याआधीपासूनच आहेत. म्हणून पोंगा उघडून मोठी अळी हातात घ्यावी. डोक्यावर फिकट रंगाचे उलट्या वाय अक्षरासारखे चिन्ह आणि शेपटीकडील शेवटून दुसऱ्या खंडावर चौकोनात मांडलेले चार ठळक काळे ठिपके, ही दोन्ही लक्षणे एकत्र दिसली तरच ती अमेरिकन लष्करी अळी समजावी. लहान अळीवर ही चिन्हे पुसट असल्याने निदान फसते.

डोळ्यांनी ओळखण्याची मर्यादा इथवरच आहे. अमेरिकेत या किडीचे मका गट आणि भात गट असे दोन गट मानले जातात; दिसायला ते सारखेच असतात, फरक यजमान पिकात (ज्यावर कीड जगते त्या पिकात) आणि जनुकांत असतो. भारतातील अनेक नमुन्यांत मायटोकाँड्रियातील (पेशीतील ऊर्जा तयार करणाऱ्या भागातील) जनुकाने भात गटाकडे, तर लिंग गुणसूत्रावरील जनुकाने मका गटाकडे बोट दाखवले. मायटोकाँड्रिया केवळ आईकडून येत असल्याने ही विसंगती दोन गटांच्या जुन्या संकराची खूण मानली जाते. प्रत्यक्षात येथे नुकसान मुख्यतः मक्याचे आणि त्याखालोखाल ज्वारी व उसाचे होते. तेव्हा ‘भात गट’ हे नाव वाचून भातावर फवारणी करू नये. भाताच्या रोपवाटिकेतील अळी बहुधा वेगळ्याच प्रजातीची असते.

टेहळणीसाठी एकरी 5 कामगंध सापळे (मादीच्या गंधाने या अळीच्या नर पतंगांना ओढणारे) लावावेत, मात्र त्यांत इतर पतंगही सापडतात. अमेरिकन लष्करी अळीच्या नर पतंगाच्या पुढच्या पंखाच्या टोकाशी पांढरट त्रिकोणी डाग असतो. तो पाहूनच मोजणी करावी. रोपावस्थेत 5 टक्के झाडांवर प्रादुर्भाव दिसल्यास 5 टक्के निंबोळी अर्क पुरतो. पोंगा अवस्थेत 10 टक्के झाडे बाधित असल्यास स्पिनेटोरम 11.7 एससी (पाण्यात मिसळायचे दाट द्रवरूप कीटकनाशक) 0.5 मिली किंवा क्लोरँट्रानिलीप्रोल 18.5 एससी 0.4 मिली प्रति लिटर पाण्यातून, द्रावण थेट पोंग्यात जाईल अशा बेताने, संध्याकाळी फवारावे. पुढच्या फवारणीला तेच औषध पुन्हा घेऊ नये.

अळीबद्दल शंका राहिल्यास ती 95 टक्के अल्कोहोलमध्ये बुडवून, पीक, गाव व तारीख पेन्सिलीने लिहिलेल्या चिठ्ठीसह कृषी विज्ञान केंद्राकडे द्यावी. फॉर्मेलिनमध्ये ठेवलेल्या अळीची जनुकीय तपासणी नीट होत नाही.