प्रकल्प, जयंत्या आणि गॅदरिंग: छोट्या शाळेत या चुका टाळा

दोन शिक्षक, चार वर्ग आणि पटावर तीस-पस्तीस मुलं. वाडी-वस्तीवरच्या जिल्हा परिषद शाळेत वर्षभरात प्रकल्प होतात, जयंत्या होतात, आषाढीची दिंडी निघते, भोंडला होतो, बालबाजार भरतो आणि शेवटी गॅदरिंग. राबणारे हात मात्र तेच चार. काहीतरी राहणार, काहीतरी फसणार, हे धरूनच चालावं. पण दर वर्षी त्याच जागी फसत असेल तर कारण शोधायला हवं. माझ्या मते निम्म्याहून अधिक घोळ एकाच कारणाने होतो. मुलांना काय जमेल, काय आवडेल यावरून कार्यक्रम ठरत नाही. पाहुणे काय म्हणतील आणि ग्रुपवर फोटो कसा दिसेल यावरून ठरतो.

प्रकल्प घरी गेला की हातचा गेला

सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनात आकारिकची, म्हणजे वर्षभर शिकता शिकता होणाऱ्या मूल्यमापनाची, आठ साधनं आहेत, प्रकल्प हे त्यातलं एक. पहिली-दुसरीला आकारिकचा भार ७० टक्के, तिसरी-चौथीला ६०. एवढ्यावरून प्रत्येक मुलाच्या नावाची जाडजूड फाइल कपाटात असलीच पाहिजे, असं आपणच ठरवून टाकतो. शनिवारी ‘प्रकल्प करून आणा’ म्हटलं की सोमवारी बारावीतल्या ताईच्या अक्षरातला प्रकल्प येतो, त्यावर तालुक्याच्या दुकानातली तयार चित्रं चिकटवलेली. ज्या घरात अशी ताई नाही, ते मूल त्या दिवशी शाळेतच येत नाही. हजेरीपटात हे कारण कधी दिसत नाही.

प्रकल्प शाळेतच, शाळेच्या वेळेत आणि गटाने करून घ्या. चौथीचं एक मूल आणि पहिली-दुसरीची दोन, असा गट केला की चार वर्ग एकत्र बसवण्याची अडचणच कामाला येते. मोठा लिहितो, धाकटे मोजतात, चित्रं काढतात. अक्षर वाकडं राहू द्या, तेच तर खरं मूल्यमापन. आणि ‘पर्यावरण वाचवा’चा देखावा थर्माकोलवर करू नका. सजावटीच्या थर्माकोलवर १ जुलै २०२२ पासून देशभर बंदी आहे, महाराष्ट्रात तर २०१८ पासूनच. पुठ्ठा, चिखलमाती, कडबा, उसाची चिपाडं गावात फुकट मिळतात.

पावसाचे आकडे चुकतात कुठे?

पावसाच्या नोंदीचा प्रकल्प मला सगळ्यात जास्त आवडतो, कारण त्याला खर्च नाही आणि गावात प्रत्येकाला त्या आकड्यात रस असतो. पण शेजारच्या वस्तीवर २० मिलिमीटर आणि आपल्याकडे ६० असं निघालं की मुलं हसतात आणि वही बंद होते. दोष बहुधा पाऊस मोजायला कापून ठेवलेल्या बाटलीत असतो. कोल्ड्रिंकच्या बाटलीचा तळ पाकळ्यांचा असतो. तळापासून पट्टी लावली तर माप चुकणारच. आत खडे टाकून बाटली जिथे सरळ होते तिथपर्यंत पाणी भरा आणि ती रेघ शून्य धरा. मोजून झालं की पाणी पुन्हा त्याच रेघेवर आणा.

वरचा भाग कापून उलटा बसवायचा तो त्याच बाटलीचा. घरातलं मोठं नरसाळं ठेवलं तर ते बाटलीच्या तोंडापेक्षा जास्त पाऊस गोळा करतं आणि आकडा फुगतो. पत्र्याच्या पागोळ्यांखाली किंवा लिंबाच्या झाडाखाली ठेवलेलं मापही बाद. हवामान खातं सकाळी साडेआठला नोंद घेतं. शाळेची वेळ वेगळी असेल तर जी ठरेल ती रोज पाळा. रविवारी कुणी येत नाही, म्हणून सोमवारच्या आकड्यापुढे ‘दोन दिवसांचा’ असं लिहायचं. हे न लिहिल्यामुळे सोमवारी नेहमी जास्त पाऊस पडतो असा निष्कर्षही निघू शकतो.

चौथीच्या मुलांना पुढचं गणित द्या. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एका चौरस मीटरवर एक लिटर पाणी. शाळेचं छप्पर १०० चौरस मीटर असेल आणि १० मिलिमीटर पाऊस झाला, तर हजार लिटर पाणी छपरावरून गेलं. हे कळल्यावर मुलं टाकीकडे वेगळ्या नजरेने बघतात.

कुजलेलं बी, बुरशी आलेली पानं

मोड आणण्याच्या प्रयोगात तिसऱ्या-चौथ्या दिवशी वास सुटतो, कारण कापूस पाण्यात बुडालेला असतो. बी ओलं हवं, पोहायला नको. कुणीतरी तूरडाळ घेऊन येतंच. त्याला परत पाठवू नका. अख्खी तूर आणि डाळ शेजारी शेजारी ठेवा, धड्यापेक्षा जास्त तिथे समजेल. मात्र एक गोष्ट कडक पाळायची: घरात पेरणीसाठी आणलेल्या पिशवीतलं लाल-गुलाबी रंगाचं बी मुलांच्या हातात देऊ नका. ते औषध लावलेलं असतं. किराण्यातली मटकी, हरभरा पुरे.

पानांचा संग्रह पावसाळ्यात करायचा तर वर्तमानपत्राच्या घड्या रोज बदला आणि वर दप्तरांचं वजन ठेवा. त्याहून सोपं म्हणजे दिवाळीनंतर करा.

ओव्या गोळा करण्याच्या प्रकल्पात ‘दहा ओव्या आणा’ म्हटलं की दहाही मोबाइलवरून उतरवलेल्या येतात. एकच आणायला सांगा, पण कुणी म्हटली, तिचं माहेर कुठलं आणि जात्यावर तिच्यासोबत कोण बसायचं, हे त्याखाली लिहिलेलं हवं. हेमा राईरकर आणि गी पॉइटव्हँ या अभ्यासकांच्या पुढाकाराने महाराष्ट्रातल्या गावागावांतून एक लाखाहून अधिक ओव्या जमल्या, त्याही अशाच, बाईशेजारी बसून. आजी ‘मला नाही येत’ म्हणते, तेव्हा मुलाला लगेच उठू देऊ नका. दुसऱ्यांदा विचारल्यावर येते.

जयंतीला शुभेच्छा, पुण्यतिथीलाही शुभेच्छा?

१ ऑगस्टला ही गडबड हमखास होते. लोकमान्य टिळकांचं निधन १ ऑगस्ट १९२० चं, आणि वाटेगावात अण्णा भाऊ साठे जन्मले तेही १ ऑगस्ट १९२० रोजीच. एक पुण्यतिथी, एक जयंती. सूत्रसंचालन करणाऱ्या मुलाला हे आदल्या दिवशी नीट सांगितलं नाही तर दोघांचीही जयंती होते. ६ डिसेंबरला बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाण दिनी ‘हार्दिक शुभेच्छा’चा फोटो ग्रुपवर टाकणारे मोठेही असतात, म्हणून पोस्ट टाकण्याआधी एकदा वाचा. २ ऑक्टोबरला लालबहादूर शास्त्रींची तसबीर कपाटातच राहिलेली नाही ना, तेही बघा.

३ जानेवारीला सगळ्या मुली सावित्रीबाई होतात आणि पाठ केलेली तीच चार वाक्यं ओळीने म्हणतात. तिसऱ्या मुलीनंतर कुणी ऐकत नाही. एकीने बोलावं, बाकीच्यांनी आपल्या घरातली बाई कितवीपर्यंत शिकली आणि शाळा का सुटली, हे विचारून यावं. पाचवं भाषण ऐकण्यापेक्षा हे ऐकायला गावातल्या बायका थांबतात.

भोंडल्याबद्दल एवढंच: गाणी स्पीकरवर लावू नका, मुलगे भिंतीशी बसलेले नकोत आणि खिरापत आधी कुणाला दाखवू नका. ओळखायची मजा गेली की राहतो तो नुसता नाश्ता.

बालबाजारात हिशेब कोण करतं?

आई भेळ करते, वडील पैसे घेतात, मूल टेबलामागे उभं राहून फोटोत हसतं. आता काही ठिकाणी टेबलावर क्यूआर कोडही असतो, म्हणजे नोटा मोजायचंही काम संपलं. त्या दिवसापुरता तो काढून ठेवा. आदल्या आठवड्यात नोंदणी घ्या, नाहीतर बारापैकी नऊ दुकानं भेळेची होतात. सुट्या पैशांची सोय शाळेने करावी. बँकेतून दहाची नाणी आणून ठेवली तर निम्मी रडारड थांबते. भाजीवाल्याकडून तराजू मागून आणा आणि अडीचशे ग्रॅम मुलांनाच तोलू द्या. भांडवल किती, विक्री किती, उरलं किती, हे दुसऱ्या दिवशी फळ्यावर मांडायचं. तोटा झालेल्या मुलाचा हिशेब आधी घ्या, त्यात शिकण्यासारखं जास्त असतं.

गॅदरिंग

तारखेपासून सुरुवात करू. ऊसतोडीला जाणाऱ्या गावांत टोळ्या दसरा-दिवाळीच्या सुमारास निघतात. आपण गॅदरिंग ठेवतो जानेवारी-फेब्रुवारीत. ज्या मुलांना वर्षात एकदाच स्टेज मिळायचं, ती तेव्हा कारखान्याच्या तळावर असतात. सप्टेंबरात, मंडप न घालता, दिवसाउजेडी छोटा कार्यक्रम केला तर काय बिघडतं? पाहुणे कमी येतील. येऊ देत कमी.

दुसरी चूक संख्येची. तीस मुलं आणि अठरा नाच म्हणजे प्रत्येक मूल चार-पाच वेळा कपडे बदलणार. कागदावर उभ्या रांगेत मुलांची नावं, आडव्या रांगेत कार्यक्रम लिहून खुणा करा. एकाच मुलाच्या दोन खुणांमध्ये किमान दोन कार्यक्रमांचं अंतर हवं. जिथे बसत नाही तो नाच काढा. पहिलीच्या मुलांचं सुरुवातीलाच उरका, नऊ वाजता ती आईच्या मांडीवर झोपलेली असतात. भाषणं आणि शाल-श्रीफळ मध्ये घुसवू नका. पाहुणे उशिरा आले तर त्यांच्यासाठी थांबूही नका.

साऊंडचे घोळ ठरलेले. सराव अडीच मिनिटांच्या गाण्यावर होतो आणि साऊंडवाला इंटरनेटवरून पूर्ण पाच मिनिटांचं लावतो. सरावाचीच गाणी एका पेनड्राइव्हमध्ये, नावापुढे ०१, ०२ असे आकडे टाकून द्या. मोबाइलवरून वाजवायचंच असेल तर तो फ्लाइट मोडवर टाका, नाहीतर ऐन लावणीत कुणाच्या तरी मामाचा फोन येतो. लाइट जाणार हे गृहीत धरून लेझीम-हलगीचा एक कार्यक्रम राखीव ठेवा, त्याला वीज लागत नाही. रात्री दहानंतर लाउडस्पीकर बंद, हा नियम शाळेलाही आहे.

शेवटी बक्षिसांचे पैसे. नाच चालू असताना माइकवर ‘अमक्यांकडून शंभर रुपये’ सुरू होतं आणि पोलीस पाटलांच्या नातवाला पाचशे, मजुराच्या मुलीला शून्य. ही प्रथा मोडताना गावकरी रुसतात, म्हणून शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत आधीच ठराव करून घ्या: बक्षीस कुणा एका मुलाच्या नावावर नाही, शाळेच्या नावावर, नावं जाहीर होतील ती कार्यक्रम संपल्यावर एकदम, आणि प्रत्येक रकमेची पावती. मंडप, साऊंड, खाऊ यांचा खर्च आणि जमा रक्कम असा एका पानाचा हिशेब दुसऱ्या दिवशी शाळेच्या भिंतीवर लावा. पुढच्या वर्षी लोकवर्गणी मागायला जाताना त्याच पानाची झेरॉक्स बरोबर न्यायची.